अमावास्येला आलेली बनाबाई

दारात दिसला की कपाळाला आठ्या पडाव्यात, असा एखादा रोगी प्रत्येक डॉक्टरच्या वाट्याला येतोच. रहिमतपूरच्या डॉक्टर मानसिंगरावांच्या वाट्याला बनाबाई आली होती. तीन महिने दर बाजाराच्या दिवशी ती रिकामी बाटली घेऊन यायची आणि तेच गाऱ्हाणं सांगायची. संध्याकाळी ताप, खोकला, रात्री घाम. डॉक्टरांनी चार वेळा तिची छाती तपासली. छाती ठणठणीत! बाईला बोलायला माणूस हवं म्हणून येते, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

चव्वेचाळीस सालची गोष्ट. अमावास्येला आपल्याकडे औषधासाठी कुणी उंबरा ओलांडत नाही, दवाखाने ओस पडतात. म्हणून आसपासचे चार डॉक्टर त्या दिवशी औंधला, वयोवृद्ध डॉक्टर लालासाहेबांकडे जमत आणि हाताबाहेर गेलेल्या रोग्यांविषयी बोलत. मानसिंगराव निघायला सायकल काढतात तोच बनाबाई समोर. आज खोकल्यातून रक्त पडलं म्हणाली. त्यांनी घाईघाईनं तिला तपासलं आणि त्यांचा तोल सुटला. ढोंग पुरे, पुन्हा ही पायरी चढू नका, असं त्यांनी पेठेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सुनावलं. बाटली पदराआड घेऊन ती निघून गेली.

औंधला त्यांनी ही हकीकत रंगवून सांगितली. इतर तिघं हसले. लालासाहेब हसले नाहीत. ती समोर आली की तुला काय होतं, एवढंच त्यांनी विचारलं. मानसिंगराव आधी चिडले.

"राग येतो," ते शेवटी म्हणाले. "तिचं दुखणं मला सापडत नाही, आणि दर आठवड्याला ती मला तेच दाखवून देते."

"आणि त्या रागात तू तिला विचारलंच नाहीस," लालासाहेब म्हणाले. "अमावास्या मोडून बाई आली, ती उगाच? लक्षणं इतकी नेमकी सांगते, ती कुणाची?"

पुढ्यातला चहा तसाच टाकून मानसिंगरावांनी सायकल हाणली. तिची वस्ती कुठली, हेही त्यांना ठाऊक नव्हतं! विचारत विचारत ते पोचले, तेव्हा मागच्या खोलीत गोणपाटाआड बनाबाईची सून अंजना पडली होती. उशाशी रक्तानं भरलेलं फडकं होतं.

"ल्योक लढाईवर हाय," बनाबाई दार लोटून घेत म्हणाली. "सुनंला क्षय झालाय म्हणलं, तर गाव आमाला पाण्याला शिवू द्यायचं न्हाई. म्हणून तिचं दुखणं माझं म्हणून सांगितलं. लय खोटं बोलले बघा तुमच्यासंगं."

"खोटं तुम्ही बोललात मावशी, पण चुकलो मी," डॉक्टर म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ते स्वतः अंजनाला मिरजेच्या क्षयाच्या इस्पितळात घेऊन गेले. ती वाचली. पण एक फुप्फुस कायमचं निकामी झालं. तीन महिने आधी आणली असती तर तेही वाचलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

पुढच्या अमावास्येला मानसिंगरावांनी हे सगळं चौघांपुढे सांगितलं. कुणी हसलं नाही.

वाचकहो, अंजनाचं फुप्फुस एकट्या डॉक्टरनं घालवलं नाही. क्षयाचं नाव निघताच पाणवठा बंद करणारे आपणही त्यात आहोत. ज्याचा राग येतो त्याचंच ऐकायचं आपण टाळतो, आणि नडतं ते तिथंच. मानसिंगराव आता प्रत्येक रोग्याला आधी बसवतात, आणि नाडी धरण्यापूर्वी विचारतात, "घरी कोण कोण आहे, आणि त्यांचं कसं काय?"