न कापलेली पानं

बाइंडरबाईंनी ग्रंथाची जुनी पाठ सोलून काढली आणि मधली सतरा पानं टेबलावर गळून पडली.

"ती टाकून द्या," हेडसर म्हणाले. "शेवटचा भाग तेवढा नीट बांधा. उद्या शोकसभेत वाचायचाय."

हेडसरांची आई गेल्या आठवड्यात गेली. शाळेत त्यांच्यापुढे तक्रार न्यायची कुणाची छाती नव्हती, आणि आईनंही जन्मात कधी ब्र काढला नाही, हे ते आल्यापासून तिसऱ्यांदा सांगत होते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते तिच्या खोलीवर जात, कसं चाललंय विचारत. ती म्हणे, माझं काही म्हणणं नाही. अर्ध्या तासात सर मोकळे. उद्याचं भाषणही त्यावरच बेतलेलं होतं.

बाई पानं टाकेनात. ग्रंथात एका सोसणाऱ्या माणसाची कथा होती. गळालेल्या पानांत तो देवाला नाही नाही ते बोलत होता. शेवटी देव त्याची समजूत घालत होता. तक्रारीची पानं अंगठ्यानं काळवंडून फडक्यासारखी मऊ झाली होती.

"कोण वाचायचं हे?"

"तिच्याशिवाय कोण? एकटीच तर राहायची."

बाईंनी शेवटचा भाग पुढे केला. जुन्या छपाईत दुमडलेले कागद न कापताच येत. वाचणाऱ्यानं सुरीनं कडा उघडायच्या. समजुतीच्या पानांच्या कडा अजून जोडलेल्याच होत्या.

हेडसरांनी चष्मा चढवला आणि सुटी पानं ओढली. 'मी दार ठोठावलं, तू आतून कडी घातलीस.' शेजारी आईच्या अक्षरात, पेन्सिलीनं: रविवार, ता. ५. खालच्या ओळीशी: रविवार, ता. २. पानामागून पान त्यांनी उलटलं. सगळे पहिलेच रविवार.

त्यांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. तोंडावर बोलायला काय झालं होतं?

"ही पण शिवू ना, सर?"

हेडसरांनी सतरा पानांची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात कोंबली.

"नको. शेवटच्या भागाच्या कडा कापा. किती वेळ लागेल?"

बाईंनी सुरी उचलली.

"अर्धा तास."

सर घड्याळ बघत उभे राहिले.