मोहरीच्या उशीतून काचेच्या पेटीत

कौमुदीला काल रात्रभर झोप लागली नाही, हे मला तिच्या हातावरून कळलं. दर थोड्या वेळाने तो हात उशीखाली यायचा, कापडावरून मला चाचपायचा, 'आहे' अशी खात्री करून घ्यायचा आणि परत जायचा. चिंता एकच. उद्या विमानतळावर कुणी उशीत काय आहे असं विचारलं तर?

त्या उशीत मी होतो. हाताच्या पंजाएवढा, पितळी दांड्यांचा आणि लोखंडी पात्याचा अडकित्ता. बडोद्यात बाहेर पडलं की मला सूडी म्हणतात, हिंदीत सरौता. आज यांतल्या दोन नावांनी माझा उद्धार झाला, म्हणून आधीच सांगून ठेवतो. सध्या मुक्काम काचेच्या पेटीत आहे. उजवीकडे कात्र्यांचा ढीग, डावीकडे एक लायटर, आणि पाठीखाली कुणाचा तरी स्क्रू-ड्रायव्हर टोचतोय.

मला काठियावाडातल्या एका लोहाराने घडवलं. दांड्यांच्या टोकांना त्याने दोन पोपट बसवले, ते अजून एकमेकांकडे पाठ करून बसलेले आहेत. या घराण्यातल्या, बडोद्याच्या जुन्या सरकारी कचेरीत कामाला असलेल्या भास्कररावांनी मला विकत घेतलं. ते सुपारी फार विचारपूर्वक कातरायचे. पाहुण्याने बसावंसं वाटलं तर बारीक, लवकर उठावंसं वाटलं तर जाड. पाहुण्यांना हे कधीच कळलं नाही, मला मात्र पहिल्या दाबातच कळायचं.

त्यांच्यानंतर घरात सुपारी खाणारं कुणी उरलं नाही. घर बदललं, माणसं कारेलीबागेत फ्लॅटमध्ये राहायला आली आणि मी स्वयंपाकघरातल्या खणात जाऊन पडलो. सोबतीला रबरबँड, मेणबत्त्यांचे तुकडे आणि 'कदाचित चालतील' म्हणून ठेवलेले संपलेले सेल. वर्षानुवर्षं. क्वचित कुणी माझ्याने बाटलीचं घट्ट झाकण फिरवायचं. अपमानच तो. पण हात लागला, एवढ्यानेही बरं वाटायचं.

मग कौमुदीला मुलगा झाला, विहंग. पाचवीच्या पूजेला पाटावर धारेचं काहीतरी लागतं, आणि मग ते बाळाच्या उशाशी ठेवतात. लोखंड जवळ असलं की बाळ दचकत नाही, असं म्हणतात. कौमुदीच्या सासूबाईंना, प्रेमलाबाईंना, माझी आठवण झाली.

कौमुदी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. ती अंथरुणावरूनच ओरडली, "आई, गंजलेलं लोखंड बाळाजवळ? धनुर्वात होईल!"

"मग घास की," प्रेमलाबाई म्हणाल्या.

तिने नंतर मला घासलं, वीस मिनिटं उकळलं, स्पिरिटने पुसलं. मग स्वतःवरच चिडत मला बाळाच्या गादीखाली सरकवलं. विश्वास नव्हताच तिचा. पण 'नाही ठेवलं आणि काही झालं तर?' या प्रश्नाचं उत्तर तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

एरवी माझी नेमणूक चाळीस दिवसांची. पण तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी कानातली नळी विहंगच्या छातीला लावली आणि जरा जास्त वेळ लावूनच ठेवली. हृदयात छिद्र आहे, म्हणाले. थांबू, बघू, कधीकधी आपोआप बुजतं.

ते बुजलं नाही, आणि मीही खणात परत गेलो नाही. पाळण्यातून मूल पलंगावर आलं तेव्हा पातं लागू नये म्हणून प्रेमलाबाईंनी माझे दांडे सुताने करकचून बांधले, मला जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलं आणि मोहरीच्या उशीत मधोमध घालून शिवून टाकलं. टाके असे घातले की पोत्याला शोभावेत. चार वर्षं मी मोहरीत बुडून होतो. ना उजेड, ना हलायला जागा. वर कुणी कूस बदलली की कानात मोहरी सरसरायची, तेवढाच विरंगुळा.

विहंग शांत झोपला की श्रेय मला. ताप उतरला की श्रेय मला. औषधाची बाटली शेजारीच उभी असायची, ती बिचारी काही बोलत नसे. खरं सांगू? मी काय करतो ते माझं मलाच माहीत नाही. मी नुसता पडून असतो. अलीकडे उशीवरचं डोकं बरंच जड झालंय, एवढं मात्र जाणवत होतं. मूल वाढतंय, असं मी समजत होतो.

उशीतूनच मी विमानप्रवास केला. एकदा नाही, दोनदा.

पहिल्यांदा दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात, तिथल्या डॉक्टरांना दाखवायला. जाताना आगगाडीने गेलो, येताना विमानाने आलो. तिथल्या विमानतळावर तपासणीवाल्यांनी विहंगचे बोटभर बूट काढायला लावले. त्याचं दूध कौमुदीला पिऊन दाखवायला लावलं. तिच्या पर्समधला नेलकटर काढून घेतला. आणि मी, पात्यासकट, मोहरीत लोळत त्या यंत्राच्या एका तोंडातून आत गेलो आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर आलो. कौमुदी विमानात बसेपर्यंत घामाघूम झाली होती.

दुसऱ्यांदा आतेबहिणीच्या लग्नाहून परतताना, एका वेगळ्याच गावाहून. तिथे दुधाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. बूट पायातच राहू दिले, नेलकटर चालेल म्हणाले. उशी मात्र एकाने दोन्ही हातांनी दाबली, 'बच्चे का है?' विचारलं आणि परत दिली.

तेव्हापासून कौमुदीची समजूत झाली की अडकित्ता चालतो, नेलकटरचं मात्र सांगता येत नाही.

आज तिसरी खेप. उद्या सकाळी दक्षिणेतल्या त्याच शहरात विहंगचं ऑपरेशन. तीन महिने वाट पाहून मिळालेली तारीख. त्याचे बाबा, तन्मय, हॉस्पिटलचे कागद करायला दोन दिवस आधीच गेलेत. आजोबा लक्ष्मीकांत आम्हाला विमानतळाच्या दाराशी सोडून, गाडी घेऊन घराकडे निघाले. मोठी बॅग काउंटरवर देऊन झाली. उशी विहंगच्या काखेत.

पट्ट्यावर उशी ठेवली. आत गेली. थांबली. मागे आली. पुन्हा पुढे. तीनदा असं झालं, तेव्हाच मला कळलं की आपल्याला कुणीतरी बघितलंय. इतक्या वर्षांत इतक्या बारकाईने मला कुणीच बघितलं नव्हतं.

गणवेशातल्या बाईने उशी उचलली. "तकिया किसका है?"

"बच्चे का."

"अंदर क्या है?"

"राई."

"और राई में?"

कौमुदीने आधी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच, "अडकित्ता."

"क्या?"

"सरौता. सुपारी का."

"छुपाया क्यों?"

"छुपाया नहीं है, मॅडम. सिला है."

हे कसं ऐकू येतंय, ते तिला बोलल्यावर कळलं. ती घाईघाईने पुढे सांगू लागली, बाळ, पाचवी, उशाशी लोखंड, सासूबाई. 'मैं मानती नहीं' हेही मधेच सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "दो बार गया है. दोनों बार किसी ने नहीं रोका."

"वहाँ गया होगा. यहाँ नहीं जाएगा."

मागच्या रांगेतून एक गुजराती काका पुढे सरसावले. मागच्या वेळी बिनबोभाट गेलेली त्यांची कैरीच्या छुंद्याची बरणी आज नुकतीच बाजूला काढली होती. "सांभळो! बेन साचुं कहे छे. मारो छुंदो पण गई वखते जवा दीधो'तो! केरीनो छुंदो छे, कोई बॉ..."

काकींनी त्यांचा दंड असा दाबला की शब्द तिथेच मेला.

"तमे चूप रहो," काकी म्हणाल्या. "छुंदो जशे ने साथे तमे पण जशो."

छुंद्याबरोबर काकाही जाणार म्हटल्यावर रांगेत हसू पिकलं. विहंगही हसला. कौमुदी हसली नाही.

बाईने घड्याळाकडे पाहिलं. "चेक-इन में डाल देतीं."

"बॅग तो चली गई."

"बाहर किसी को दे दीजिए."

कौमुदीने सासऱ्यांना फोन लावला. एकदा, दोनदा, चारदा. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा लक्ष्मीकांतांचा नियम, आणि त्यांचे नियम सगळीकडे सारखेच लागू असतात.

"उशी तरी न्यायची असेल तर उसवून काढा," असं हिंदीत सांगितलं गेलं. कौमुदी म्हणाली, "कैंची मिलेगी?" बाईने एकवार पेटीकडे पाहिलं. तिच्यात कात्र्याच कात्र्या. पण त्या जमा झालेल्या, वापरायच्या नव्हेत. तेव्हा एम.एस्सी. झालेल्या कौमुदीने भर विमानतळावर प्रेमलाबाईंचे टाके दातांनी तोडले. मोहरी ट्रेमध्ये सांडली, ट्रेमधून फरशीवर घरंगळली. साडीचा तुकडा सुटला आणि मला चार वर्षांनी उजेड दिसला. पांढरा, डोळे दिपवणारा, आणि अजिबात आपला नसलेला.

ती बाई खाली वाकली आणि मोहरी गोळा करू लागली. मान वर न करता म्हणाली, "हमारे गाँव में हँसिया रखते हैं. मेरी बेटी के सिरहाने छह महीने रखा था."

विळा उशाशी ठेवणारी बाई भेटली म्हणून कौमुदीचा चेहरा एकदम उजळला. "तो फिर?"

"तो भी नहीं जाएगा."

कौमुदीने मला मुठीत धरलं होतं, म्हणून पुढचं फक्त मला माहीत आहे. ती परत फिरणार होती. बाहेरच्या दारापर्यंत पळत जावं, रिक्षा करावी, कारेलीबाग गाठावं, दुसरं विमान बघावं, तारीख पुढे ढकलावी, असं सगळं त्या मुठीत दाटून आलं होतं. "मूर्ख आहेस," ती पुटपुटली. मला वाटलं मला म्हणाली. मग विमानाची घोषणा झाली, त्यात तिचं आडनाव चुकीचं उच्चारलं गेलं, तरी तिला ते कळलं. मूठ उघडेना. शेवटी डाव्या हाताने तिने उजव्या हाताची बोटं एकेक करून सोडवली आणि मला पेटीच्या फटीतून आत टाकलं.

जन्मभर सुपाऱ्या माझ्या तोंडात सापडल्या. त्यांना कसं वाटत असेल याचा मी कधी विचार केला नव्हता.

मी तक्रार करत नाही. माझ्यात धार आहे. विमानात मी नको, हे मला पटतं. पण मग पहिल्याच वेळी नको म्हणायला हवं होतं. माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. तेव्हा मी गेलो असतो तर दुःख एका अडकित्त्याचं झालं असतं. आज नेमका ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गेलो. एकदा सोडलं की माणूस त्याला परवानगी समजतो, दोनदा सोडलं की हक्क. भिंत असावी, पण असेल तिथे रोज असावी. माणसं भिंतीशी जुळवून घेतात. आज आहे, उद्या नाही, अशा भिंतीवरच त्यांची डोकी आपटतात. या पेटीतल्या प्रत्येक कात्रीची कहाणी काकांच्या छुंद्याचीच आहे: गई वखते जवा दीधी'ती.

माझं पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. भंगारात जाईन बहुधा. वाटलंच कुणाला, तर ते दोन पोपट तेवढे काढून ठेवा.

कौमुदी अजून गेलेली नाही. काचेपलीकडे ती विहंगपुढे उकिडवी बसली आहे. रिकामी उशी तिच्या मांडीवर, आणि हे बोलणं तिने काल रात्रीच मनात जुळवून ठेवलं असणार, कारण ते पाठ केल्यासारखं येतंय.

"विहू, ऐक. आता तो इथेच राहणार. उद्या डॉक्टरकाका तुला झोपवतील ना, तेव्हा तो नसेल. पण तू घाबरायचं नाही हं. आई बाहेरच बसलेली असेल. तू शूर आहेस ना? तुझ्या उशीत तो नसला तरी तू..."

इथे तिचं पाठांतर संपलं.

विहंगने काचेला नाक लावलं. काचेवर त्याच्या श्वासाचा गोल ढग उमटला, त्यात त्याने बोटाने एक रेघ काढली आणि रेघेतून माझ्याकडे बघितलं. मग तो आईकडे वळला.

"पण मी कुठे झोपतो त्या उशीवर? मी तर तुझ्या हातावर झोपतो. उशीवर तूच असतेस." मग थोडा विचार करून म्हणाला, "आज तुला झोप येईल ना गं?"