तपासनिसाने बरं बोलायचं म्हणजे

बाटल्यांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासनीस होतो. पट्ट्यावरून बाटली आली की ती दिव्यापुढे धरायची, फिरवायची आणि दोष सांगायचा: बुडबुडा, तडा, तोंड वाकडं. चांगल्या बाटलीबद्दल काही बोलायची पद्धतच नाही. ती मुकाट्याने पुढे जाते. त्यामुळे घरीसुद्धा माझ्या तोंडून कधी बरं निघालं नाही, यात माझी काय चूक? बायको म्हणते, सगळी तुमचीच. म्हणू दे.

तर निवृत्तीनंतर वर्षभरातच तिच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डावा लहानपणापासून अधू, म्हणजे सगळी भिस्त याच्यावर. ऑपरेशन झालं, पडदा दाबून धरायला डोळ्यात वायू भरला आणि डॉक्टरीणबाईंनी फर्मान काढलं, "दहा दिवस पालथं पडून राहायचं. जेवायला, बाथरूमला उठलात तरी मान खाली. मान वर केलीत आणि पडदा पुन्हा सुटला, तर माझ्या हातात काही नाही."

माझी बायको दहा मिनिटं एका जागी बसत नाही. मला धडकीच भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उशीत तोंड खुपसूनच विचारलं, "अहो, घरात काय चाललंय?"

मी सवयीने अहवाल दिला. मोरी तुंबलीय, दूध उतू गेलंय, कुंडीतल्या रोपाने मान टाकलीय, नव्या चादरीवर इस्त्रीचा डाग पडलाय. एवढं ऐकून बाई ताडकन उठायला निघाली. मी दोन्ही हातांनी तिचं डोकं खाली दाबलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण असलं धाडस पहिल्यांदाच केलं.

डॉक्टरीणबाईंना फोन लावला, तर त्यांनी तिला सोडून मलाच झापलं. "त्यांना फक्त चांगलं सांगा. नाहीतर त्या उठतील आणि डोळा जाईल."

आली का पंचाईत! तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या मी घरभर फिरलो. चमचे, ताटल्या उजेडात धरून पाहिल्या. शेवटी येऊन म्हणालो, "नळाला पाणी आलंय."

"ते रोजच येतं."

"आजपण आलंय, म्हणजे चांगलंच की."

उशीतून 'हूं' असा आवाज आला. मला हुरूप आला. "आणि आज दूध उतू गेलं नाही."

"गॅस पेटवलात का?"

"अजून नाही."

मग थापा मारून पाहिल्या. पण रोप टवटवीत आहे म्हणालो तर म्हणाली, "आणा इकडे, हात लावून बघते." शेवटी झक मारत खरंखुरं शोधायला लागलो. शेजारीण जिन्यात गाते आणि अंडं उकडायला तिचं एक गाणं बरोबर पुरतं. खुर्ची करकरते, म्हणून पाहुणा किती वेळ चुळबुळतोय ते स्वयंपाकघरात कळतं. माझ्या कोटाच्या कोपराला बायकोने रफू केलंय, ते कुठे सुरू होतं हे भिंग लावूनही सापडत नाही.

हे शेवटचं ऐकून ती म्हणाली, "वीस वर्षं झाली त्याला. आत्ता दिसलं होय?"

"दोष नव्हता ना त्यात," मी म्हणालो. "दिसणार कसं?"

दहा दिवस निघाले. पडदा नीट बसला, पण दिसेल किती ते वायू विरल्यावरच कळणार होतं. पुढचे तीन आठवडे ती खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसायची आणि मी विचारायचं टाळायचो. विचारलं आणि 'नाही' म्हणाली तर? खरं सांगतो, आयुष्यात एवढा कधी घाबरलो नव्हतो. रोज चहा न्यायचा, एक चांगलं सांगायचं आणि पळ काढायचा.

एका मंगळवारी चहा घेऊन गेलो. "आज ऊन छान पड..."

"थांबा." तिने मान वर करून मला न्याहाळलं. "दाढी डाव्या गालावर राहिलीय. शर्टाचं बटण खालच्या काजात घातलंय. कानावरचे केस केवढे वाढलेत ते! आणि बारीक झालात हो, गाल पार आत गेलेत."

मी हललोच नाही. हजारो बाटल्या मी नापास केल्या, पण नापास होण्यात एवढं सुख असतं हे मला ठाऊक नव्हतं.

"अगं, आणखी सांग ना," मी म्हणालो.

"आणखी काय? नाक पुसा आधी," ती म्हणाली. "चहात पडतंय."