नाखव्याचा खडक

बावीस वर्षं मी दुबईजवळच्या रास अल खैमातल्या या म्हाताऱ्या नाखव्याच्या होडीवर राबतोय, पण त्याच्या खडकाची खूण त्यानं मला कधी सांगितली नाही. त्या खडकावर शेरी मासा मुबलक, आणि जुन्या करारानं तिथं मासे धरायचे पिंजरे सोडायचा हक्क फक्त त्याच्या कबिल्याचा. तिकडं वळलो की तो स्वतः सुकाणू धरायचा आणि मला खाली इंजिनपाशी पाठवायचा. आम्ही रत्नागिरीचे दालदी, म्हणजे मुसलमान कोळी, सात पिढ्या दर्यावर गेलेल्या. इथं मी नोकर.

यंदा त्याचा नातू सुहैल कबिल्याचा रक्षक झाला. शेरी अंडी घालते त्या दोन महिन्यांत तिथं कुणी पिंजरा टाकू नये, हे बघायचं काम. गडी पंचवीस वर्षांचा, आणि जरा लाटा उठल्या की याला उलट्या. नाखव्यानं त्याला माझ्यासमोरच खूण सांगितली : मशिदीचा मिनार डोंगराच्या खिंडीत दिसला की खाली खडक. मी शेजारी बसून दोर वळत होतो. माझ्यापासून लपवायचीही त्याला गरज वाटली नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

फोनवर माझी बायको झुबेदा म्हणाली, "तुमच्या पोटात का दुखतंय? तो नातू आहे त्याचा. तुम्ही कोण लागता?"

तेच तर दुखत होतं.

बंदी चालू होती. एका शुक्रवारी सगळे जुम्म्याच्या नमाजाला गेले, तेव्हा मी छोटी होडी काढली आणि खडकावर एक पिंजरा सोडला. मासे नको होते मला. माझ्या हातचं काहीतरी त्या जागी असावं, एवढंच.

चौथ्या दिवशी सुहैलनं तो वर काढून धक्क्यावर आणला. आत तीन शेरी, गाभोळीनं फुगलेल्या, त्यातली एक मेलेली. पिंजऱ्याला नंबराचा बिल्ला नव्हता, पण दोराला अब्बांनी शिकवलेली माझी दुहेरी गाठ होती. "तुझी गाठ सोडवायला सुरी लागते," असं नाखवा मला कायम चिडवायचा. व्हिसा खलास, आणि रत्नागिरीला परतायचं ते चोर म्हणून.

सुहैलनं गाठ पाहिली, मग मला पाहिलं. "आजोबा, हा कुणाचा?" त्यानं अरबीत विचारलं.

नाखव्यानं गाठीवरून बोट फिरवलं. "माझा. लिही माझं नाव."

"होडीचा परवाना जाईल. तीन महिने."

"लिही म्हटलं ना. खलास."

मी तेव्हा बोलायला हवं होतं.

सुहैलनं नाव लिहिलं, सही घेतली. नाखवा काठी टेकत घराकडं निघाला, माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मग सुहैल माझ्याजवळ आला आणि हळूच हिंदीत म्हणाला, "खैरुद्दीन, मेरे लिए तो वो आज तक कभी झूठ नहीं बोले."

त्याच्या डोळ्यांतली नजर मी लगेच ओळखली. बावीस वर्षं ती माझी होती.