उभं राहता येत नाही

आम्ही दोघं रस्ता ओलांडायला कडेला उभे होतो. एक गाडी वळण घेताना सरळ आमच्या अंगावर आली. बायको जागेवरच गेली. माझी उजवी नडगी मोडली आणि गुडघ्यातलं एक लिगामेंट तुटलं.

हॉस्पिटलच्या त्या वॉर्डात सगळे गाड्यांनी उडवलेलेच होते. नावाने कुणी हाक मारत नसे. नर्स ओरडायची, "घोट्याला चहा द्या, मांडीला एक्स-रेला न्या!" मी नडगी होतो. शेजारच्या खाटेवरचा घोटा रोज विचारायचा, "काय नडगीराव, केस टाकली की नाही? अहो, नुकसानभरपाई मागायला लाजू नका. गाडी चालवणारा लाजला का?"

मी लाजत नव्हतो. मला काही सुचतच नव्हतं. डोळे मिटले की ती पलीकडे बघत उभी दिसायची.

केस मेव्हण्याने टाकली. तो तिचा धाकटा भाऊ, धावपळीचा माणूस. त्यानेच वकील पाहिला. कुबड्या घेऊन मी त्याच्याबरोबर वकिलाकडे गेलो तेव्हा वकिलाने आधी तिच्याबद्दल विचारलं.

"पत्नी काय करायच्या?"

"काही नाही. घरीच असायची."

"मग त्या बाजूने फारसं हाती लागणार नाही," वकील म्हणाला. "तुमचा पाय महत्त्वाचा. तुमचं केस कापायचं दुकान, म्हणजे दिवसभर उभ्याने काम. उभं राहता येत नाही म्हटलं की धंदाच संपला."

त्या वेळी ते खरंच होतं. नडगीत सळई घातलेली होती, गुडघा वाकत नव्हता. तसंच अर्जात गेलं: उभं राहता येत नाही, दुकान कायमचं बंद. पण अर्ज तिथेच राहिला आणि पाय बरा होत गेला. लंगड राहिली, संध्याकाळी घोट्यापर्यंत सूज येते, जिना उतरताना गुडघा दगा देतो. पण उभं राहता यायला लागलं. हे मी मेव्हण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दाजी, निकाल लागेपर्यंत दुकानाकडे फिरकूसुद्धा नका. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मग दिवसभर घरी काय करू?"

"झोपा."

घरी मला झोपही येत नव्हती आणि बसवतही नव्हतं. तिची चप्पल दाराशी होती, ती कुणी उचलली नव्हती. मग मी साफसफाईच्या नावाखाली दुकानात जाऊन बसायला लागलो. शटर अर्धंच उघडायचो. जुनी गिऱ्हाइकं वाकून आत शिरायची. रस्त्यावरून जाताना मी पाय मुद्दाम जास्त ओढायचो. समोरच्या इस्त्रीवाल्याच्या ते लक्षात आलं होतं. तो म्हणायचा, "आज कोणता पाय दुखतोय? काल डावा होता." मी हसायचो. आत गेल्यावर आरशात बघायचं टाळायचो. पण केस कापणाऱ्याला आरसा टाळता येत नाही.

एका सकाळी एक माणूस वाकून आत आला. हातात फाईल, चेहरा साधा.

"मी विमा कंपनीकडून आलोय. तुमच्या दाव्याबद्दल थोडं विचारायचं होतं."

माझ्या तोंडातून निघालं, "या साहेब, बसा ना."

बाकावर खोकी रचलेली होती. बसायला ती एकच खुर्ची. तो तिच्यात बसला. आता हे कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या खुर्चीत माणूस बसला की माझे हात मला विचारत नाहीत. त्याचे केस कानांवर आले होते. मी कपडा झटकला, त्याच्या गळ्याभोवती बांधला आणि फवारा मारला. फाईल त्याने कपड्याखाली मांडीवर ठेवली.

"पायाचं कसं आहे आता?"

"कसलं साहेब. दोन मिनिटं उभं राहिलं की कळ मस्तकात जाते. मान जरा खाली."

"म्हणजे काम होतच नाही?"

"नाव काढू नका. मागे बारीक करू ना?"

"करा. आणि दुकान?"

"बंदच आहे. तेव्हापासून."

कात्री चालू होती. मी रडवेला आवाज काढून पायाबद्दल बोलत होतो. वकिलाने पढवलेलं, वॉर्डात ऐकलेलं, सगळं सांगितलं. घोट्याचं दुखणंही स्वतःच्या नावावर घातलं. तो फक्त हुं हुं करत होता. मग त्याने विचारलं, "आणि पत्नी? त्या काय करायच्या?"

"काही नाही, घरीच असायची." लगेच मी म्हणालो, "कपडा जरा मळका आहे साहेब, माफ करा. ते सगळं तीच बघायची."

"काय बघायची?"

"कपडे उकळून धुणं, दुकान झाडणं, पुसणं. लहान मुलांचे केसही तीच कापायची. माझ्यापुढे मुलं भोकाड पसरायची, तिच्यापुढे गप्प बसायची."

"कधीतरी यायच्या का?"

"रोज. दुपारी घरचं आटपून यायची, ती शटर ओढूनच माझ्याबरोबर परत."

तो आरशातून माझ्याकडे बघत होता. मीही बघितलं. मी दोन्ही पायांवर ताठ उभा होतो आणि हातात कात्री होती. चटकन स्टूल ओढून मी खाली बसलो आणि गुडघा धरला.

"आता कशाला बसता?" तो शांतपणे म्हणाला. "एक बाजू राहिलीय."

मी उठलो. राहिलेली बाजू कापली. मानेवर वस्तरा फार सावकाश फिरवला. कपडा सोडताना मी म्हणालो, "साहेब, पायाचं जे पाहिलं ते लिहा. पण तिचं लिहा. ती काम करायची."

"ते मी कसं लिहू? अर्जात तुम्हीच म्हटलंय की त्या काही करत नव्हत्या. आणि पायाचं असं सांगणाऱ्याचं बायकोबद्दल कोण ऐकणार?"

तो उठला, मानेवरचे केस झटकले. पैसे काढले नाहीत. "दुकान बंद आहे ना?" म्हणाला आणि शटरखालून वाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी मेव्हण्याला घेऊन वकिलाकडे गेलो. झालं ते सांगितलं. वकिलाने कपाळाला हात लावला.

"पायाचं जेवढं खरं आहे तेवढंच ठेवा," मी म्हणालो. "लंगड आहे, सूज आहे. बाकीचं काढा. आणि ती दुकानात काम करायची, ते लिहा."

"आता? पगार देत होतात का?"

"घरच्या माणसाला कोण पगार देतं?"

"मग साक्षीदार आणा. आणि कोर्टात विचारतील, आधी का नाही सांगितलं. काय सांगाल?"

मेव्हणा खाली बघत होता. बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "दाजी, त्या दिवशी मी शेजारीच बसलो होतो. तुम्ही 'काही नाही' म्हणालात. मला वाटलं, तसं सांगायचं वकिलाशी ठरलं असेल. म्हणून मी बोललो नाही. ताई तिथे राबायची, ते मला माहीत नव्हतं का?"

ठरलं असतं तर बरं झालं असतं. पायाचं खोटं बोलताना मला ते खोटं आहे हे ठाऊक होतं. तिच्याबद्दल बोललो तेव्हा मला खोटं बोलतोय असं वाटलंसुद्धा नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी साक्षीदार शोधायला निघालो. पाय सुजला होता, या वेळी मुद्दाम ओढावा लागत नव्हता. पहिलं दार एका शिक्षिकेचं होतं. तिच्या दोन्ही मुलींचे केस बायकोच कापायची. मी दारातच उभं राहून काम सांगितलं.

"येईन की मी," ती म्हणाली. "का नाही येणार? एकदा सणकून ताप होता तरी माझ्या धाकटीचे केस कापले त्यांनी. मी म्हटलं, राहू दे, उद्या येऊ. तर म्हणाल्या, उद्या तरी कोण कापणार?"

"ताप? कधी?"

"तुम्ही नव्हता का हो तेव्हा दुकानात?"

"होतो," मी म्हणालो. "तिथेच होतो."