कोंडाजींच्या शेतातली वाट

मित्रांनो, २०१९ सालची दिवाळी सरली आणि माझ्या तोंडाशी एक पिवळा जेसीबी येऊन उभा राहिला. मी सायखेड्याच्या शिवारातली एक जुनी गाडीवाट आहे. त्याचे दात पाहून माझी माती थरथरू लागली.

जमीन कोंडाजींची, पण चंद्रभागाबाईच्या नदीकाठच्या तुकड्याला दुसरा रस्ताच नाही. तिच्या सासूच्या बैलगाडीने मला घडवले. दुसऱ्याच्या जमिनीतून असे वर्षानुवर्षे, उघडपणे, हक्काने जाणे म्हणजे वहिवाट. त्यात मालकी येत नाही, पण अडवताही येत नाही.

कोंडाजींच्या मुलाला, रवीला, द्राक्षबाग लावायची होती. मी मध्ये येत होते. त्याने आधी माझ्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. पलीकडे चंद्रभागाबाईची वांगी झाडावरच पिवळी पडली. तिने तक्रार केली, आणि रवीने जेसीबी आणला त्याच दिवशी तहसीलदार मॅडम पाहणीला आल्या.

"वाट कसली मॅडम, आमची मेहेरबानी हाय," रवी म्हणाला. "काकू दर साली वांग्यांची पाटी देते. उगंच का?"

माझे धाबे दणाणले. पाटी तर खरीच होती! पहिल्या तोड्याची वांगी ती कोंडाजींच्या ओट्यावर ठेवायची. आणि मेहेरबानी ठरली, तर ती उद्या काढून घेता येते.

मॅडमनी कोंडाजींना विचारले, "आजोबा, या परवानगी मागायच्या का?"

म्हाताऱ्याने आधी पोराकडे पाहिले. संपले, मला वाटले.

"परवानगी?" तो एकदम भडकला. "वहिनी मला इचारून जाईल? तिची सासू कधी इचारून गेली नाय! आन् वांगी दिली, तर आम्ही गूळ दिला. शेजार हाय तो, भाडं नाय!"

"आण्णा, घात केला," रवी पुटपुटला.

"भावजी, अवंदा वांगी नासली," चंद्रभागाबाई डोळे पुसत म्हणाली. "पुढल्या साली दोन पाट्या देते."

"भरताची दे. मला दात नाय!"

मॅडमनी वाट खुली ठेवायचा हुकूम दिला आणि जेसीबी मागे फिरला.

कोंडाजी पुढच्याच थंडीत गेले. रवीने मला सोडून बाग लावली. त्याचे द्राक्षांचे क्रेट आता माझ्यावरूनच जातात, पण अर्ध्यापर्यंतच. गुडघे गेल्यामुळे चंद्रभागाबाई शहरात इंदिरानगरला लेकीकडे असते. तिची सून तृप्ती स्कुटीवरून येते, तीही कधीमधी. नदीकडच्या माझ्या अंगावर गवत चढते आहे, आणि मला पुन्हा भीती वाटते: जाणे-येणे थांबले की वहिवाटही मोडते.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझी एखादी बहीण असेल. तिच्यावरून चालत राहा. आणि परतताना शेजाऱ्याच्या ओट्यावर चार वांगी ठेवायला विसरू नका.