डबा आल्याचा, औषध तेच

“डॉक्टर, हे सगळं आल्यापासूनच काढलंय, तर मी घरी बसून आलंच का चावू नये?”

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. आईचं कोपर माझ्या बरगडीत. खरं तर प्रश्न माझा नव्हताच. चष्मिश आणि गोलकीपर या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती: भर सभेत विचारला नाहीस, तर गोलकीपरचे हातमोजे आठवडाभर तू धुवायचे. ते मोजे ज्यांनी हुंगलेत त्यांना कळेल, मी वाट्टेल ते विचारलं असतं.

सभा कसली, तर नव्या औषधाच्या चाचणीत कोणती मुलं यायला तयार आहेत ते बघायची. माझ्या मोठ्या आतड्याला दीड वर्षापासून सूज आहे. कुठल्याही इमारतीत शिरले की मी आधी टॉयलेट हेरते, मग बाकीचं जग. गोळ्यांनी सूज उतरते, पण पोटावरून उतरून थेट तोंडावर चढते की काय कोण जाणे! चेहरा असा टम्म झालाय की वर्गात माझं नाव फुगा. डाव्या बाजूने चेंडू घेऊन पळणारी मी आता राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून टाळ्या वाजवते.

घरात मात्र सगळा राग गोळीवर. बाबांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात: केमिकल आणि नॅचरल. पहिल्या सगळ्या विष, दुसऱ्या सगळ्या अमृत. आत्या तर त्यांच्याही वरताण. ती रोज पाल्याचा हिरवा रस धाडते. त्याला तळ्याचा वास येतो. तो पिऊन गुरुवारी मी गणिताचा अख्खा तास टॉयलेटात काढला. यावर आत्याचं निदान काय? “घाण बाहेर पडतेय गं.” हो ना, थोडक्यात वाचले, नाहीतर त्या घाणीसोबत मीही बाहेर पडले असते.

‘आल्यासारख्या वनस्पतींपासून बनवलेले नॅनोकण’ हे शब्द बाबांनी दवाखान्यातून आलेल्या फोनवर ऐकले आणि ते हरखून गेले. नॅनो म्हणजे काय विचारलं, तर म्हणे, “सूक्ष्म शक्ती गं.” सूक्ष्म शक्ती! हा माणूस विज्ञानात पास कसा झाला?

सभेतही तोच थाट. पडद्यावर दव पडलेलं पान. टेबलावर कुंडी, कुंडीत झाड, झाड प्लास्टिकचं. निसर्गाचे गोडवे गायला प्लास्टिक! दवाखान्याचे व्यवस्थापक ‘निसर्गाची देणगी, निसर्गाची देणगी’ घोकत होते आणि दर वेळी बाबांची मान डोलत होती.

मग मी तो आल्याचा प्रश्न टाकला. औषधावर काम करणाऱ्या डॉक्टरबाई मागे कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या उठल्या आणि आधी पडद्यावरचं पान बंद केलं. तिथेच मला त्या थोड्या आवडल्या.

“चाव की,” त्या म्हणाल्या. “आलं पचेल, सूज तशीच राहील. आम्हाला आलं नकोय. त्याच्या पेशींमधून निघणारे तेलकट कवचाचे बुडबुडे हवे आहेत. हेच ते नॅनोकण, इतके बारीक, की एका केसाच्या जाडीत शेकडो मावतील. ते पोटातल्या आम्लात टिकतात, सुजलेल्या जागी जास्त चिकटतात. आम्ही त्यांच्यात औषध भरतो.”

“कुठलं औषध?”

“तू आज घेतेस तेच.”

बाबा ताडकन सरळ झाले. “तेच? केमिकल?”

“तेच. गोळी अंगभर फिरते, म्हणून हिचा चेहरा फुगतो. या वाटेने थेट आतड्यात गेलं तर थोडक्या औषधात भागेल, अशी आशा आहे.”

“अहो, पण वनस्पतीचं म्हणाला होतात ना!”

“डबा वनस्पतीचा आहे. आतलं औषध तेच.”

एका पायाचे दोन बूट गळ्यात मारणाऱ्या दुकानदाराकडे बघावं, तसं बाबांनी व्यवस्थापकांकडे पाहिलं. व्यवस्थापक प्लास्टिकच्या पानांवरची धूळ पुसायला लागले.

“चला,” बाबा उठले.

मी नाही उठले. पुढचा प्रश्न कुणाच्या पैजेचा नव्हता. “ते बरोबर जागी पोचेलच का?”

“उंदरांमध्ये पोचलं. मोठ्या माणसांच्या एका छोट्या गटाला त्रास झाला नाही. तुझ्या पोटात पोचेल का, मला माहीत नाही. म्हणून तर चाचणी. गोळी एकदम तोडणार नाही, पोट बघत बघत कमी करू. आणि तुझा होकार नसेल तर तुला घेणार नाही. आईबाबांचाही लागेल.”

माहीत नाही! दीड वर्षात आत्याला सगळं माहीत, बाबांना सगळं माहीत, शेजारच्या काकूंना तर माझं आतडं जिन्यातूनच दिसतं. ‘माहीत नाही’ म्हणणारं हे पहिलंच माणूस भेटलं.

घरी आलो तर ओट्यावर हिरवा ग्लास झाकून ठेवलेला.

“तेच औषध घ्यायचं तर एवढी नाटकं कशाला?” बाबा म्हणाले. “त्यापेक्षा हा रस बरा. शुद्ध पाला.”

“अहो, गुरुवारी काय झालं, विसरलात?” आई पुटपुटली.

मी ग्लास उचलला आणि बेसिनमध्ये उपडा केला. बेसिनलाही तो लवकर गिळवेना.

“आई, बाबा, ऐका. या शुद्ध पाल्यात काय आहे ते आत्यालाही माहीत नाही, आणि तो कुठे पोचतो ते मला चांगलं माहीत आहे. मी चाचणीत जाणार. गोळी चालू राहील, रस आजपासून बंद. उद्या शाळा सुटली की आपण होकार द्यायला जातोय, दोघांनीही यायचं. आणि बाबा, तिथे ‘सूक्ष्म शक्ती’ म्हणालात, तर मी तुम्हाला ओळख दाखवणार नाही.”